दिल्या शब्दाची खोरी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रजचा डोंगर ओलांडल्यावर उजव्या हाताला सह्याद्रीच्या रांगा उभ्या राहतात. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावं मराठी माणसाला शाळेपासून पाठ. सुट्टीच्या दिवशी या गडांवर पाय ठेवायला जागा नसते. गडांच्या पायथ्याला मात्र फार कुणी थांबत नाही. मे महिन्याच्या अखेरीला मी आणि माझा एक मित्र भोर-वेल्ह्याकडे गेलो, ते ठरवूनच एकही गड न चढण्यासाठी. या मुलखातली जुनी देवळं आणि समाध्या एका दिवसात जेवढ्या होतील तेवढ्या पाहायच्या, हा बेत होता.

आधी या मुलखाची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे डोंगराचे फाटे निघतात आणि दोन फाट्यांमधून एकेक नदी वाहते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी. प्रत्येक नदीचं खोरं म्हणजे एक मावळ. हिरडस मावळ बांदलांचा, रोहिड खोरं जेधे आणि खोपड्यांचं, गुंजण मावळ शिळीमकरांचा, कानद खोरं मरळांचं. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर खिंड चढून उतरायची. त्यामुळे प्रत्येक खोऱ्याचा देशमुख हा आपापल्या दरीचा धनी होता. विजापूरच्या बादशहाला या डोंगरात स्वतः उतरणं परवडत नसे, म्हणून तो देशमुखांवर राज्य करी आणि देशमुख खोऱ्यावर. शिवाजी महाराजांना स्वराज्य उभं करायचं होतं, ते याच माणसांना एकेक करून आपलंसं करत. भोर-वेल्ह्यातला कुठलाही जुना दगड पाहिला तरी तो अखेर याच गोष्टीपाशी आणून सोडतो: कुणी कुणाला शब्द दिला, आणि त्याची किंमत काय मोजली.

नसरापूरचा बनेश्वर हा पहिला मुक्काम. सकाळी साडेसहाला बनात शिरलो तेव्हा बाहेरचा उकाडा एकदम मागे पडला. झाडी दाट, पायाखाली पाचोळा आणि अंगावर ओलसर गारवा. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. घडण साधी, पेशवाईतली नेहमीची. पुढे कुंडं, त्यात झऱ्याचं पाणी, मग सभामंडप आणि गाभारा. गाभाऱ्यातल्या शाळुंकेच्या खाली पाच लिंगं आहेत.

थांबवून ठेवते ती घंटा. ती मराठी ओतकामाची नाही. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आणल्या आणि देवळादेवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला अशा घंटा आजही आहेत. मी टाचा उंचावून क्रुसावरून बोट फिरवलं. दोनअडीचशे वर्षांच्या हातांनी त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात, पण आकार शाबूत आहे. ती घंटा वितळवून पितळ-काशाची भांडी करता आली असती, तोफेच्या कामी लावता आली असती. तसं न करता तिच्यावरचं परधर्माचं चिन्ह न खरवडता ती महादेवापुढे टांगली. माझ्या मागून एक आजी आल्या, त्यांनी घंटेचा टोल दिला, हात जोडले आणि पुढे गेल्या. त्यांच्यासाठी ती बनेश्वराची घंटा, बस्स.

नसरापूरहून महामार्गाला लागलं की जवळच कापूरहोळ. भोरचा फाटा इथूनच फुटतो. बहुतेक प्रवासी इथे चहा-वडापावपुरते थांबतात. पण हे धाराऊंचं गाव. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाई आजारी, त्यांना दूध येईना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ ही बाई पुरंदरावर गेली आणि तिने राजपुत्राला आपलं दूध पाजलं. तिच्या मुलांना, अंतोजी आणि रायाजी यांना, त्यामुळे संभाजीराजांच्या दूधभावांचा मान मिळाला. स्वराज्याच्या इतिहासात तलवारीच्या जोरावर नाव राहिलेली माणसं पुष्कळ. लेकराला पाजलं म्हणून नाव राहिलेली धाराऊ एकटीच. कापूरहोळला यापुढे चहाला थांबताना हे एवढं आठवावं, असं मनापासून वाटतं.

कापूरहोळ-भोर रस्त्यावर भोरच्या अलीकडेच वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण लागतं. इथलं पहिलं धरण ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बांधलं. पुढे पाणी अपुरं पडू लागल्यावर त्याच्या खालच्या अंगाला जास्त उंचीचं नवं धरण घातलं, ते १९२०च्या दशकाअखेर पूर्ण झालं. मुंबईच्या एका गव्हर्नरच्या नावाने ते लॉइड धरण झालं, पण लोकांच्या तोंडी भाटघरच राहिलं. घडीव दगडांची ही लांबलचक भिंत आणि तिचे पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे पाहायला आजही अभियंते येतात. पाण्याचा दाब ठरावीक उंचीला पोचला की दरवाजे आपोआप उघडतात. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. कंक याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला भुतोंड्याचे. शिवरायांचे बालपणापासूनचे सोबती, आणि पुढे फोंड्याच्या लढाईत त्यांचा मुलगा कामी आला, ते स्वतः जखमी झाले.

भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांतून फलटण, बारामती, इंदापूरकडे जातं. तिथले उसाचे मळे आणि साखर कारखाने या खोऱ्यावर उभे राहिले. धरणाच्या मागे मात्र गावं उठली, नदीकाठची सुपीक खाचरं बुडाली आणि लोक डोंगराच्या उतारावर सरकले. या पाण्याच्या काठची काही गावं आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. खाली ऊस पिकला त्याचा आनंद आहेच. वरच्या माणसांनी त्यासाठी काय दिलं, तेही त्याच वहीत लिहिलेलं असायला हवं.

काय दिलं, ते पाहायचं तर उन्हाळ्यात वेळवंड खोऱ्यात आत आत जावं लागतं. रस्ता जलाशयाच्या कडेकडेने वळणं घेत जातो. मेअखेरीला पाणी पार तळाशी गेलेलं. जिथे पावसाळ्यात होड्या चालतात तिथे भेगाळलेल्या गाळाचे पट्टे, त्यावर गुरं सोडलेली, कुठे ट्रॅक्टर गाळ भरताहेत. हा गाळ शेतात टाकला की भात जोमाने येतो. अशा बुडीत जमिनीच्या मधोमध कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षातले नऊ-दहा महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी हटलं की ते बाहेर येतं, आणि पावसाळा रंगला की पुन्हा बुडतं.

आम्ही गाडी वर ठेवून उतरलो. गाळ वरून वाळलेला, आत ओला. पाऊल टाकलं की पापुद्रा मोडायचा. लांबून एक करडा उंचवटा वाटणारं देऊळ जवळ गेल्यावर उलगडत गेलं. घडीव दगडांच्या भिंती, जोते, पायऱ्या. दगडांच्या सांध्यांत बसलेल्या बारीक गाळाच्या रेघा, आणि भिंतीवर पाण्याने ओढलेल्या एकाखाली एक आडव्या खुणा. त्या खुणांवरून पाणी कुठल्या टप्प्याने उतरलं ते वाचता येतं. वरच्या भागाची पडझड झाली आहे. पण इतकी वर्षं पाण्याचा भार सोसून मूळ दगडी काम जागचं हललेलं नाही. खालच्या दगडांचे सांधे इतके नेटके की त्यांत सुरीचं पातंही शिरणार नाही. लोक याला पांडवकालीन म्हणतात. महाराष्ट्रात ज्या देवळाचा कर्ता ठाऊक नाही ते पांडवांच्या नावावर जातं. त्या म्हणण्याचा अर्थ एवढाच की गावाच्या आठवणीच्या आधीपासून ते इथे आहे.

गाभाऱ्यात दोन तरुण फावड्याने गाळ ओढत होते. बाहेर सावलीला एक म्हातारे बाबा बसलेले. मी विचारलं, "बाबा, दरवर्षी हे काम करावं लागतं?"

"दरवर्षी," ते म्हणाले. "पाणी उतरलं की पोरं येत्यात. गाळ काढायचा, देव धुवायचा, दिवा लावायचा. मग पाऊस लागला की देव जातो त्याच्या घरी."

"वर गावात का नाही आणला देव?"

"त्याची जागा ही. आमची बी हीच व्हती."

यापेक्षा नेमकं मला काही सांगता येणार नाही. बुडालेल्या गावांच्या माणसांना हक्काने परत येण्यासाठी वर्षातून महिना-दोन महिने उरतात. त्यात ते देवळातला गाळ काढतात. मुंबई-पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेली मुलं मे महिन्यात गावी येतात ती याही कामासाठी. आणि हे सगळं कुठल्याही सरकारी खात्याच्या आदेशाविना चालतं.

परतताना खोऱ्यात जागोजाग धूर उठलेला दिसला. ही भातशेतीची पूर्वतयारी. भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या काटक्या आणि वर मातीचा थर पसरून पेटवतात. याला राब भाजणे म्हणतात. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते आणि रोप जोमदार येतं. मेच्या शेवटी काही ठिकाणी कोरड्या मातीतच भात पेरून ठेवतात, ती धूळवाफेची पेरणी. पहिल्या पावसाने तो रुजतो. डोंगरातली शेती ही अशी पावसाच्या भरवशावर आधीच बी टाकून बसणारी आहे. आंबेमोहोर आणि इंद्रायणी ही भोरकडची आवडती भातं. दुपारी भोरला एका घरी जेवलो तेव्हा ताटातल्या इंद्रायणीच्या मऊ भाताबरोबर हा सगळा धूर आठवला.

भोर हे नीराकाठचं गाव, पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. अष्टप्रधानांमधलं सचिवपद या घराण्याकडे वंशपरंपरेने आलं आणि पेशवाईनंतरही त्यांचं संस्थान टिकलं. आजच्या रायगड जिल्ह्यातला सुधागड-पालीचा भाग सह्याद्रीपलीकडे असूनही भोर संस्थानातच होता. ८ मार्च १९४८ ला हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजवाडा आजही उभा आहे. लाकडी खांबांच्या ओळी, चौक, सज्जे. ऐतिहासिक चित्रपटांच्या निमित्ताने तो अनेकांनी पडद्यावर पाहिलेला असतो, फक्त तो भोरचा हे ठाऊक नसतं. इथला रामनवमीचा उत्सव संस्थानकाळापासून नावाजलेला. भोरला लागूनच उत्रौली, खोपडे देशमुखांचं गाव. त्यांची गोष्ट पुढे आंबवड्यात पुरी होते.

भोरहून आंबवड्याचा रस्ता ओढे-नाले ओलांडत रायरेश्वराच्या डोंगराकडे जातो. आंबवड्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. संस्थानकाळातला झुलता पूल ओलांडून ओढ्यापलीकडे गेलं की गर्द झाडीत नागेश्वराचं देऊळ. हा पूल भोरच्या राजघराण्यातल्या जिजीसाहेबांच्या नावाने ओळखला जातो. पोलादी दोरांवर तोललेल्या पुलावर चार माणसं एकदम चालली की तो अंगाखाली लवतो आणि पुन्हा सावरतो. खाली उन्हाळ्यातही थोडं पाणी, काठाला उंबर, जांभूळ, वर वानरांची हालचाल. देऊळ दगडी आणि बुटकं, आत गारवा.

या देवळाजवळ शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. भोरच्या पंतसचिव घराण्याचे हे मूळ पुरुष. औरंगजेब दख्खनेत उतरला होता, राजाराम महाराज जिंजीत वेढ्यात होते, त्या काळात मावळ खोऱ्यांत मराठ्यांचं राज्य ज्यांनी तगवून धरलं त्यांत शंकराजी आघाडीवर होते. मोगलांच्या हाती गेलेले किल्ले त्यांनी याच मावळ्यांना घेऊन परत मिळवले. राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिलं. महाराज वारल्यावर ताराबाईंच्या पाठीशी त्यांनी आपली निष्ठा उभी केली आणि तसा शब्द दिला.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. संभाजीराजांचा मुलगा, गादीचा वारस. आता शंकराजींपुढे दोनच वाटा होत्या. ताराबाईंना दिलेला शब्द पाळायचा तर छत्रपतींच्या वारसाविरुद्ध हत्यार धरायचं. शाहूंकडे जायचं तर शपथ मोडायची. दोन्ही त्यांना जमेना. आंबवड्यात त्यांनी जीवन संपवलं. कुणी म्हणतं जलसमाधी घेतली, कुणी म्हणतं हिरकणी गिळली. शाहू महाराजांनी त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकरांना, सचिवपद दिलं आणि त्यातून पुढे भोरचं संस्थान आकाराला आलं. राजवाड्याचे चौक पाहून आलेल्या माणसाला ही समाधी फार लहान वाटते. पण त्या वाड्याचा पाया इथे आहे.

आंबवड्यातच कान्होजी जेध्यांची समाधी आहे, आणि जिवा महालांचीही. म्हणजे १७०७ च्या शेजारी इथे १६५९ उभं आहे. अफजलखान विजापूरहून निघाला तेव्हा आदिलशहाने मावळच्या देशमुखांना फर्मानं पाठवली. कान्होजींना आलेलं फर्मान १६ जून १६५९ चं. मजकूर सरळ होता: खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. वतन म्हणजे देशमुखाचं सर्वस्व. जमीन, मान, उत्पन्न, पोराबाळांचं भवितव्य. खोऱ्यात एका डोंगराआड राहणारे दोन देशमुख या फर्मानापुढे दोन दिशांना गेले. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडावर महाराजांकडे गेले.

महाराजांनी त्यांना परिस्थिती स्वच्छ सांगितली, खोपडे गेल्याचंही सांगितलं. कान्होजींनी महाराजांसमोर आपल्या वतनावर पाणी सोडलं. कुटुंबकबिला सुरक्षित ठिकाणी तळेगावकडे हलवला. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान मारला गेला. त्याच झटापटीत सय्यद बंडाचा वार जिवा महालांनी अडवला आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण मराठीत कायमची राहिली. लढाईनंतर खंडोजी खोपडे हाती लागले. त्यांच्यासाठी जीवदानाची रदबदली केली ती कान्होजींनीच. महाराजांनी जीव वाचवला, पण उजवा हात आणि डावा पाय कलम करायची शिक्षा दिली. ही हकिकत ऐकताना कान्होजींचं मोठेपण मला त्यांच्या तलवारीपेक्षा या मध्यस्थीत जास्त दिसतं. शत्रूला मिळालेला शेजारी, तरी आपल्या खोऱ्यातला.

पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या सैन्याने प्राण दिले. बाजीप्रभू हे भोर तालुक्यातल्या शिंदचे. दरबारातलं तलवारीचं पहिलं पान, म्हणजे पहिला मान, तोवर जेध्यांकडे होता. घोडखिंडीनंतर महाराजांनी तो बांदलांना दिला, आणि जेध्यांनी तो मोठ्या मनाने सोडला. एका पिढीच्या आत या डोंगरांनी वतन सोडलं आणि मानही सोडला.

नागेश्वराच्या आवाराबाहेर, वाटेतल्या एका छोट्या देवळाच्या कट्ट्याला एक वीरगळ टेकवून ठेवलेला दिसला. मी खाली बसून तो नीट पाहिला. तळाच्या कप्प्यात पडलेला वीर आणि पाठीमागे घोडा, मधल्या कप्प्यात त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि टोकाला चंद्र-सूर्य. ते असेतोवर कीर्ती राहील असा त्याचा अर्थ. दगडाला चांदीरंगाचा तैलरंग दिलेला होता, जाडजूड. घोड्याची मान आणि अप्सरांचे चेहरे त्या रंगाखाली बुजले होते. रंग श्रद्धेने दिलाय यात शंका नाही. पण त्याने दगडातलं म्हणणं पुसलं जातं, हे गावागावात कुणीतरी आपुलकीने सांगायला हवं. जिथे समाध्यांना चकचकीत फरशा बसवल्या आहेत तिथेही तीच गत. मूळ जोत्याची घडण फरशीखाली गेली की तिचं वय कळायचा मार्गच बंद होतो.

या मुलखातल्या समाध्यांविषयी नव्या माणसाला आश्चर्य वाटतं ते त्यांच्या लहानपणाचं. विजापूरला गोलघुमट पाहिलेला माणूस इथे आला तर शोधत राहील. दफनाच्या प्रथेत देह त्या जागी असतो आणि त्यावर वास्तू उभी राहते. इथे देह अग्नीला दिला जातो, उरतं ते स्थान. म्हणून समाधी म्हणजे दहनाच्या किंवा मृत्यूच्या जागेवरचा चौथरा, वर शिवलिंग, पादुका किंवा तुळशीवृंदावन. आणि जवळपास नेहमीच पाणी आणि महादेव. नागेश्वरही तसाच. वास्तू लहान असल्याने तिची राखण दगडाने होत नाही, पुण्यतिथीला अभिषेक करणाऱ्या वंशजांनी आणि गावकऱ्यांनी होते.

आंबवड्याजवळच कारी, जेध्यांचं गाव. इथल्या जेधे घराण्याने एक गोष्ट जपली, ज्याचं मोल महाराष्ट्राने कायम मानायला हवं. घराण्यातल्या दाजीसाहेब जेध्यांनी आपल्याकडची एक जुनी शकावली लोकमान्य टिळकांना दाखवायला दिली. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटनांची तिथीवार टिपणं तिच्यात होती. १९१६ मध्ये ती भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली. तोवर शिवरायांचा जन्म १६२७ चा मानत. जेधे शकावलीत नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे इतर पुराव्यांनी ती बळकट झाली आणि राज्य सरकारनेही हीच तारीख स्वीकारली. आज १९ फेब्रुवारीला गावोगाव मिरवणुका निघतात. त्या तारखेचा उगम कारीच्या एका वाड्यातल्या कागदांत आहे. पिढ्यानपिढ्या वाळवी, पाऊस आणि आग यांतून ते बाड कुणीतरी वाचवलं म्हणून.

ऊन उतरत असताना आम्ही नसरापूरला परत येऊन वेल्ह्याकडे वळलो. मार्गासनी, विंझर, मग गुंजवणीच्या खोऱ्यात आत. समोर राजगडाचा बालेकिल्ला आणि तिन्ही माच्या हळूहळू उलगडत गेल्या. वेल्हे तालुक्याला आता राजगड हेच नाव मिळालं आहे. तोरण्यावर सापडलेल्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा गड बांधला आणि सुमारे पाव शतक तो स्वराज्याची राजधानी होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात राजगड आहे. त्यामुळे पायथ्याच्या गावांत गर्दी वाढणार, हे उघड आहे.

आमची दिवसाची शेवटची जागा पायथ्याचं पाल खुर्द. इथे सईबाईंची समाधी आहे. गडावर पद्मावती देवळासमोरची समाधीही सईबाईंची म्हणून दाखवतात. फलटणच्या निंबाळकरांची ही लेक, १६४० मध्ये भोसल्यांच्या घरात आली. तीन मुलींनंतर संभाजीराजांचा जन्म झाला आणि त्यानंतर त्यांची प्रकृती सावरलीच नाही. ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर त्या वारल्या. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे.

त्या तारखेकडे नीट पाहावं. जूनमध्ये देशमुखांना फर्मानं आली. सप्टेंबरात सईबाई गेल्या. नोव्हेंबरात खान मारला गेला. म्हणजे कान्होजींसारख्या माणसांकडून शब्द घेत, खानाच्या फौजेची रोज बातमी काढत, शिवाजी महाराज खानाच्या सामन्याची तयारी करत होते, त्याच महिन्यांत घरात पत्नी मरणाला टेकली होती आणि मुलाचं तान्हेपण नुकतंच सरलं होतं. प्रतापगडाची कथा आपण शौर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण पाल खुर्दच्या चौथऱ्यापाशी उभं राहिल्यावर ती घरातूनही दिसते. दरवर्षी ५ सप्टेंबरला इथे गावकरी आणि शिवप्रेमी जमतात. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने चढायच्या आधी इथे वाकून जावं, ही एवढीच माझी विनंती.

दिवसभरात पाहिलेल्या जागांचा हिशेब लावला तर त्या सगळ्या एकाच गोष्टीच्या साक्षी आहेत. कान्होजींनी शब्द दिला आणि वतनावर पाणी सोडलं. शंकराजींनी दोन शब्दांत अडकल्यावर जीव दिला. धाराऊने काहीच न मागता आईची जागा घेतली. वेळवंड खोऱ्याने खालच्या मुलखासाठी आपली जमीन दिली. यातली बरीचशी स्मारकं गुडघाभर उंचीची आहेत, म्हणूनच ती सहज हरवू शकतात. गडांना आता जगाची मान्यता मिळाली आहे आणि निधीही येईल. त्यातला थोडा वाटा पायथ्याच्या वीरगळांची, समाध्यांची, बुडीत देवळांची मोजमापं घेऊन नोंद करायला लागावा, त्यांवरचा तैलरंग जाणकारांकडून काढला जावा, आणि प्रत्येक जागी चार ओळींची खरी माहिती असलेला फलक लागावा. कांबऱ्याची मुलं फावडं घेऊन आपला वाटा दरवर्षी उचलतातच. कारीच्या एका घराने कागद जपले तर साऱ्या महाराष्ट्राला राजाची जन्मतिथी मिळाली. या खोऱ्यांतल्या गावांनी दगड जपले तर पुढच्या पिढ्यांना त्यांतून काय मिळेल हे आज सांगता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते जपायला हवेत.